वाकड्या करंगळीचा ठसा

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आज कुणालाच आठवत नाही. विसरले तेच बरं झालं. गोष्ट ऐकल्यावर तुम्हीही हेच म्हणाल.

त्या राज्याच्या राजधानीत, टेकडीवर, राजानं एक मोठं घर बांधलं होतं. त्याला ‘विसावा’ म्हणत. ज्यांना कुणी नाही असे म्हातारे तिथं राहत, आणि ज्यांना सगळे असून कुणी नाही असेही. भिंती भक्कम होत्या. दोन वेळ जेवण मिळे. भेटायला मात्र वर्षातून एकदाच माणसं येत, आणि येत तेव्हा अख्खं गाव एकदम येई.

पौषातल्या पौर्णिमेला तिथं सेवेचा उत्सव भरे. लोक कोऱ्या पांढऱ्या शाली पांघरून पहाटेच टेकडी चढत. ओवऱ्यांमध्ये म्हातारी माणसं ओळीनं बसवलेली असत. लोक त्यांचे पाय धूत. मग त्यांचा उजवा हात ओल्या हळदीत बुडवून त्याचा ठसा आपल्या शालीवर उमटवून घेत. एका ओवरीतून उठले की दुसरीत. दुपारी मिरवणूक निघे. ज्याची शाल सगळ्यांत पिवळी, तो राजाच्या शेजारून चाले.

आता मला सांगा, ज्यानं ही रीत काढली, त्यानं पौषातलं गारठलेलं पाणी कधी स्वतःच्या पायावर घेतलं असेल का? एकदा नव्हे, सकाळपासून दुपारपर्यंत, रांग संपेतोवर?

त्याच गावात एक कासारीण होती. डोक्यावर टोपली घेऊन दारोदार बांगड्या भरत तिचं आयुष्य गेलं होतं. तोंड तिखट, हात हलका. टेकडीवर ती कधी गेली नव्हती. पण त्या वर्षी शेजारीण तिला म्हणाली, “साऱ्या आळीच्या शाली पिवळ्या, आणि तुझी मेली कोरीच! शोभतं का?” कासारणीला ते लागलं. ती टेकडी चढली ती पुण्यासाठी नव्हे, शेजारणीसाठी. हे तिनं पुढं स्वतःच सांगितलं.

तिसऱ्या ओवरीत ती एका म्हातारीच्या पायांशी बसली. पाय पांढरेफटक पडले होते. कातडी सुरकुतून सुटायला आली होती. टाचेच्या भेगेतून रक्त येत होतं. कासारणीनं सगळे घालतात तसं तांब्याभर पाणी घातलं, आणि हळदीसाठी म्हातारीचा हात हातात घेतला.

आणि ती थबकली. हाताची करंगळी वाकडी होती.

“अगं बाई!” ती स्वतःशीच म्हणाली. “या करंगळीपायी तर माझ्या टोपलीभर बांगड्या फुटल्यात!”

आणि हात कढत होता. चुलीतून काढल्यासारखा.

तेव्हा कासारणीनं मान वर केली. त्या सकाळी म्हातारीच्या तोंडाकडे बघणारी ती पहिलीच.

“मावशी? सुईणमावशी, तू आहेस?”

“आहे अजून,” म्हातारी पुटपुटली. “संध्याकाळचं सांगता येत नाही. पोरी, पाणी बास कर गं. पहाटेपासून पाय कोरडेच झाले नाहीत.”

ती गावची सुईण होती. आज शाली पांघरून रांगेत उभी असलेली निम्मी माणसं तिच्याच हातांत या जगात आली होती. हात थरथरू लागले तेव्हा घरच्यांनी तिला गुपचूप इथं आणून सोडलं, त्याला सहा वर्षं झाली होती. गावाला वाटलं, मेली असेल. गाव विचारायलाही आलं नाही. खरं तर आलं होतं, दर वर्षी पौषातल्या पौर्णिमेला आलं होतं. फक्त पायांच्या वर त्यानं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात विसाव्याचा कारभारी टाळ्या वाजवत आला. “चला, चला! ठसा झाला ना? मागं रांग आहे.”

“अहो, हिला ताप भरलाय.”

“आज सगळ्यांनाच थोडी कणकण असते. उत्सव आहे. उद्या बघू.”

“नाव तरी ठाऊक आहे का हिचं?”

“तिसऱ्या ओवरीतली चौथी,” कारभारी म्हणाला. सांगताना त्याला जराही लाज वाटली नाही.

कासारणीनं खांद्यावरची शाल ओढली, म्हातारीचे पाय खसाखसा पुसले आणि त्याच शालीत गुंडाळले. रांगेतून कुणी ओरडलं, “सेवेची शाल पायाला? बाटवलीन!”

“शाल नाही बाटली,” कासारीण कडाडली, “तुमची सेवा बाटलीय!” तिनं पाण्याचं घंगाळ लाथेनं उपडं केलं. शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाली, “आजोबा, हिच्या अंगाला कुणाला हात लावू देऊ नका.” आणि ती वैद्याला आणायला टेकडी उतरत धावली.

वैद्य घरी नव्हता. त्याला शोधता शोधता दुपार झाली. तो मिरवणुकीत होता, आणि थेट राजाच्या शेजारी. त्याची शाल त्या वर्षी सगळ्यांत पिवळी होती.

कासारीण वाजंत्र्यांना ढकलत त्याच्यापुढं उभी राहिली. “वैद्यबुवा, चला लवकर. टेकडीवर सुईणमावशी तापानं फणफणलीय.”

“अगं, बघतेस ना कुठं आहे मी?” वैद्य हळूच म्हणाला. “देवळाशी पोचलो की येतो. तोवर सुंठेचा काढा दे तिला.”

कासारीण त्याच्या शालीकडे बघत होती. पिवळे पंजेच पंजे. आणि खांद्यापाशी एक पंजा, वाकड्या करंगळीचा.

“हा कुणाचा?”

“असेल कुणा म्हातारीचा. किती लक्षात ठेवायचे?”

“ठसा घेताना हात कुठं धरलात तिचा?”

“मनगटाला. सगळेच धरतात.”

“मनगटाला!” तिच्या आवाजानं वाजंत्री थांबली. “वैद्यबुवा, तुमची बोटं तिच्या नाडीवर होती! ज्या बोटांवर तुमचं घर चालतं, ती! हात निखाऱ्यासारखा होता, आणि तुम्हाला फक्त हळद दिसली?”

वैद्यानं आपल्याच बोटांकडे पाहिलं.

“आणि महाराज,” कासारीण राजाकडे वळली, “यांनाच कशाला बोलू? मी कासारीण. मीही आज पहिल्यांदा गेले, आणि तीही शाल रंगवायला. तुमच्या शालीवर इतके हात आहेत. त्यातला एक तरी तुम्हाला ओळखता येतो का?”

राजानं आपल्या शालीकडे पाहिलं. मग ती उतरवून हातात घेतली आणि एवढंच म्हणाला, “वैद्यबुवा, पळा.”

वैद्य पळाला. ओवरीत शिरला आणि सवयीनं वाकला तो थेट म्हातारीच्या पायांशीच.

तशाही तापात म्हातारी हसली. “अरे, ताप पायात नाही. वर बघ.”

वैद्यानं वर पाहिलं.

“वैद्यांचा धाकटा ना तू? तू पायाळू. आधी पाय आले, तोंड काही दिसेना. दीड दिवस तुझी आई तळमळली. कळा सोसताना तिनं माझा हात असा आवळला, की ही करंगळी मोडली. लोक म्हणाले, सोड आता, आशा नाही. मी नाही सोडलं.” तिला दम लागला. “तुझं तोंड पाहिल्याशिवाय मी जागची उठले नव्हते रे.”

वैद्यानं मनगट हातात घेतलं. या वेळी त्याला नाडी कळली, आणि ती कळली तसे त्याचे डोळे भरून आले. गारठा छातीत पार उतरला होता.

सुईण पुढं चारच दिवस जगली. वैद्यानं होतं नव्हतं ते औषध दिलं. पण औषधाला उशीर झालेला कळतो. रडण्यानं तो उशीर भरून निघत नाही.

ते चारही दिवस कासारीण उशाशी बसून होती. म्हातारीला ना पूजा हवी होती, ना हळद. ती एकेका घरचं विचारत होती.

“कुंभाराच्या जुळ्यांचं काय झालं गं?”

“दिवसभर भांडतात आणि एकाच ताटात जेवतात.”

“आणि गुरवाची ती अशक्त पोर?”

“तिला आता तीन पोरं आहेत. नवऱ्याला धाकात ठेवते.”

म्हातारी खुदकन हसायची. चौथ्या दिवशी म्हणाली, “एवढंच ऐकायला सहा वर्षं थांबले होते बघ.” आणि तिनं डोळे मिटले.

राजानं कारभाऱ्याला काढलं, आणि शाली, हळद, मिरवणूक सगळं बंद केलं. दवंडी पिटवली, की विसाव्याचं दार रोज उघडं आहे. ज्याला यायचं त्यानं यावं, बसावं, बोलावं. बदल्यात काही मिळणार नाही.

पुढच्या पौषात टेकडी जवळजवळ ओस पडली. गेल्या वर्षी पायऱ्यांवर चेंगराचेंगरी करणारे, सेवेवर व्याख्यानं झोडणारे, सगळे घरी बसले. शाल नाही तर म्हातारे तरी कशाला? पण कासारीण दर बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन येई. वैद्यही येई, आणि नाडी बघण्याआधी प्रत्येकाला नावानं हाक मारी. आपली ती शाल त्यानं कधी धुतली नाही आणि पुन्हा कधी पांघरलीही नाही. ओसरीवर टांगलेल्या त्या शालीची हळद उन्हानं उडत गेली. वाकड्या करंगळीचा तो पंजा फिका झाला, मग दिसेनासा झाला. वैद्याला मात्र तो डोळे मिटले तरी दिसत राहिला.

तर मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्याचे पाय धुणं ही सेवा नव्हे, ती आपल्याच नावाची मिरवणूक आहे.