कोपऱ्यातली रेघ

"फुकटात काम होत असेल, तर पैसे का घालायचे, अण्णा? सांगा ना, माझं काय चुकलं?"

वैजनाथ विचारत होता. अण्णा पांचाळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिले.

माधवनगरातले निम्मे नकाशे काढणारे त्यांच्या हाताखाली तयार झालेले. काचबिंदूने डोळे जाऊन चार वर्षं झाली होती, पण शब्दाला वजन होतं. शिष्यांत वैजनाथ सगळ्यात हुशार, आणि ही गोष्ट सगळ्यात जास्त वैजनाथलाच ठाऊक!

आज मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कॉम्प्युटरवरची ड्रॉइंग पीडीएफ करून द्यायचा त्याचा धंदा. गावात सगळ्यांत स्वस्त. विकतचं सॉफ्टवेअर परवडेना, म्हणून त्याने इंटरनेटवरचं एक फुकटचं साधन धरलं. फुकट ते पौष्टिक! त्या साधनाने शाळेच्या शिडीचं ड्रॉइंग पानात बसावं म्हणून गुपचूप आखडलं. दहाचं नऊ केलं.

शिडी बनवणाऱ्या मेहबूबचाचांनी त्या कागदावर फूटपट्टी ठेवून लोखंड कापलं. आकडे होते, पण मुंगीएवढे, आणि चाचांची नजर साठीची. शिडी जवळजवळ हातभर तोकडी पडली. शाळेला घाई. चाचांनी शिडीच्या पायांखाली विटा रचल्या आणि वरचे बोल्ट आवळायला चढले.

गुरुवारी त्यांना माती दिली.

"चूक त्या फुकटच्या सॉफ्टवेअरची," वैजनाथ म्हणाला. "माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिडी अजून चार मीटरच आहे. या, बघा हवं तर."

बोलला आणि जीभ चावली. अण्णा काय बघणार होते?

"नाचता येईना..." अण्णा पुटपुटले. म्हण त्यांनी पुरी केली नाही. "कोपऱ्यात रेघ होती का रे?"



अण्णांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक रेघ असे, दहा सेंटीमीटरची. कारागीर आधी तिच्यावर पट्टी ठेवायचा. दहा भरली, तर कामाला लागायचं. नाही भरली, तर कागद फाडायचा. कुणाला विचारायचं नाही, फाडायचा.

"काढून टाकली," वैजनाथ म्हणाला. "गावठी दिसायची."

"मेहबूबने विचारलं नाही?"

वैजनाथ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.

"विचारलं की नाही?"

"फोन आला होता. म्हणाले, साहेब, रेघ दिसंना... मी म्हटलं, चाचा, आता कॉम्प्युटर आहे. रेघ कशाला हवी?"

अण्णांचा गुडघ्यावरून फिरणारा हात थांबला.

मग वैजनाथने पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. त्याने तो वाचून दाखवला. ड्रॉइंग बिनचूक होतं, कापणाऱ्याने माप चुकवलं, असा मजकूर. उद्या शाळेच्या कमिटीपुढे चौकशी होती. खाली अण्णांची सही असली, की कमिटी पुढे काही विचारणार नव्हती. धंदा वाचला असता, तुरुंग टळला असता. चाचांच्या बायकोला, शमीमचाचीला, मात्र भरपाई मिळाली नसती, आणि चाळीस वर्षं चोख काम केलेल्या माणसाच्या नावाला कायमचा बट्टा लागला असता.

"माझी दोन लहान पोरं आहेत, अण्णा. पाया पडतो."

"पेन दे."

वैजनाथला रडूच फुटायचं बाकी राहिलं. त्याने अण्णांचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं.

"इथं नव्हे. कोपरा दाखव."

अण्णांनी कोपरा चाचपला, आणि एक रेघ ओढली.

"माप."

"अण्णा, सही..."

"माप म्हणतो ना!"

वैजनाथच्या खिशात पट्टी होती. त्याने ती रेघेवर ठेवली. पुन्हा ठेवली.

समोर दोन विझलेले डोळे. 'दहा' म्हटलं असतं, तर कुणाला कळणार होतं? शब्द ओठांपर्यंत आला. पण कानांत तोच आवाज घुमत राहिला... साहेब, रेघ दिसंना.

"किती भरली?"

"नऊ, अण्णा..."

"मग?"

वैजनाथने कागद फाडला. फाडताना तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.

"काय मिळवलं यातून? चाचा तर येत नाहीत परत! वर माझंही घर बसलं. सांगा ना अण्णा, काय मिळवलं?"

"काही नाही."

अण्णांनी पेन त्याच्या हातात दिलं.

"उद्यासाठी नवा कागद घे. आधी रेघ काढ."