दाभोळ्यांच्या घरी पाणी मागू नये

वर कवींचं घर बघून आलात ना? तहान लागली असेल. लागणारच. त्या घरात पाण्याचा तांब्या पुढे करायची रीतच नाही. कवींचा पलंग दाखवतील, दौत दाखवतील, भिंतीवर लावलेलं आख्यान मोठ्यानं वाचून दाखवतील. पाणी मात्र इथं खाली, या कातळातल्या विहिरीवर येऊन प्यायचं. ती बाटली पिशवीत ठेव, बाई. आधी ऐक, मग पी.

त्रिंबककवी दाभोळे मोठे होते, त्याला मी नाही म्हणत नाही. त्यांच्या काळात एका साली पावसानं पाठ फिरवली. गावच्या विहिरी आटल्या, पाणी राहिलं ते एकट्या दाभोळ्यांच्या विहिरीला. आम्ही गावकुसाबाहेरचे. आमच्या बायकांनी फाटकाबाहेर घागर ठेवायची आणि घरातलं कुणी येऊन वरून ओतेल तोवर उन्हात उभं राहायचं.

आणि कवी तेव्हा काय लिहीत होते, सांगू? एक राजा तहानेनं मरायला टेकला, तरी हातातलं शेवटचं पाणी त्यानं दारी आलेल्याला दिलं. त्या राजाचं आख्यान!

ते पुरं झालं त्या दिवशी वाचन ऐकायला ओसरीवर गाव जमला. समाप्ती होईतो कुणी जागचं उठायचं नाही, असं कवींनी बजावलेलं. फाटकाशी आमच्या वस्तीतली गोदी उभी होती, कडेवर तापानं फणफणलेलं पोर. असं सांगतात, की बाहेर ती पाण्यासाठी हाका मारत होती आणि आत लोक राजासाठी रडत होते. उपरण्यानं डोळे पुसत होते, मेले!

कवींची सून उमाई माजघराच्या दाराशी बसली होती. हाका तिला ऐकू येत होत्या, पण सासऱ्याच्या धाकानं बसून राहिली. हाका थांबल्या तेव्हा मात्र ती उठली. घागर भरून ती फाटकाकडे धावली. पोर गेलं होतं.

भरली घागर घेऊन ती तशीच ओसरीवर आली, म्हणे. "मामंजी, तुमच्या राजानं पाणी दिलं ना? मग आपल्या दारात पोर तहानेनं कसं मेलं?"

"सूनबाई, आत जा. समाप्ती व्हायचीय."

"झाली समाप्ती!" तिनं सगळी घागर त्यांच्या पुढ्यात ओतली. "या घरचं पाणी यापुढे कुणाच्या घशाखाली उतरायचं नाही. तुमच्यासुद्धा." आणि नेसत्या लुगड्यानिशी ती घर सोडून निघाली.

अंगावरचं सोनं मोडून तिनं इथं, आमच्या वस्तीला लागून, कातळ फोडून घेतला. पाणी लागलं. वरच्या विहिरीचं पाणी तेव्हापासून कडूजहर झालं, म्हणे. जिभेवर धरवेना. दाभोळ्यांना खाली यावंच लागलं. उमाईनं अट घातली : ओतेल ती गोदी, आणि प्यायचं ते वाकून, ओंजळीनं. भांडं कुणालाच मिळायचं नाही.

कवी आले. पोहरा गोदीच्या हातात बघून आल्या पावली परतले. दुसऱ्या दिवशी ओठ फुटलेले, पुन्हा आले. वाकले. गोदीनं तोंड फिरवलं, पण ओंजळ भरेतो ओतलं. मी असते तर नसतं ओतलं.

त्या राजाच्या ओळी शाळेत पोरं पाठ करतात. गोदीच्या लेकराचं नाव काय होतं, हे मात्र एकालाही ठाऊक नाही. मलासुद्धा नाही. कुणी विचारूनच ठेवलं नाही.

आजही पोहरा आम्हा गोदीच्या भावकीतल्या बायकांच्याच हाती असतो. मागं एक बडे साहेब आले होते. म्हणाले, "आजी, कंबर धरलीय, पेला द्या की." म्हटलं, "मग तहानेलेच जा, सायेब." कुरकुरले, पण वाकले.

हं, या आता एकेक. करा ओंजळ. खाली वाका. अजून खाली.