ठिपकीचा दाणा आणि फोनचं तोंड

ही ठिपकी. ठिपकी म्हणजे मुंगी. एवढीशी. दिसली का? नाही, ती नव्हे. त्याहून लहान. हां, तीच.

ठिपकी कुणाला घाबरायची नाही. भीती ठेवायला तिच्यात जागाच नव्हती.

एका सकाळी ठिपकीला साखरेचा दाणा मिळाला. कुठे मिळाला? ओट्यावरच्या स्टीलच्या पेल्यात. नलूआत्याने पेल्याने साखर मोजली होती. साखर गेली लाडवात. एक दाणा राहिला तळाशी.

"हा माझा," ठिपकी म्हणाली. दाणा उचलला. घराकडे वळली.

तेवढ्यात वरून फोन आला. ठण्.

नलूआत्याला चकल्या करायच्या होत्या. फोनमधली बाई सांगणार, आत्या करणार. फोन पेल्यात ठेवला की आवाज मोठा येतो. म्हणून आत्याने फोन पेल्यात उभा केला. डोकं वर, तोंड खाली.

फोनचं तोंड म्हणजे स्पीकर. त्याला बारीक बारीक भोकं. भोकांत आधीच पीठ होतं. धूळ होती. त्यात ठिपकीचा दाणा गेला. टुच्. गेला आणि अडकला.

फोनमधली बाई म्हणाली, "आता त्यात घाला..."

आणि म्फ. म्फ म्फ. आवाज बंद.

ठिपकीचं तोंड रिकामं. आता कसं करायचं? मुंग्यांच्या घरी रिकाम्या तोंडाने जात नाहीत. तशी पद्धतच आहे. दाणा नाही, तर घर नाही.

ठिपकी म्हणाली,
"फोनभाऊ, द्या ना.
माझा दाणा द्या ना."

फोन म्हणाला, "म्फ. जमायचं नाही. तोंडात अडकलाय. मऊ ब्रशने झाडलं, तर देईन."

"बरं. मग ब्रशला सांगते."

तुरु तुरु तुरु. ठिपकी निघाली.

बेसिनवर ब्रश होता. जुना, मऊ ब्रश. आधी दात घासायचा. आता कंगवे घासतो. त्याचं त्याला काही वाटत नाही.

ठिपकी म्हणाली,
"ब्रशदादा, चल ना.
फोन दाणा देईना.
ठिपकी घरी जाईना."

ब्रश म्हणाला, "जमायचं नाही. मी ओला आहे. ओल्या ब्रशने फोनच्या तोंडात जायचं नसतं. उन्हाने वाळवलं, तर येईन."

वरून नळ म्हणाला, "मी येऊ? धो धो धुतो."

"नको," ठिपकी म्हणाली. "तोंडात पाणी गेलं तर फोन कायमचा गप्प बसेल."

"मग मी काय करू?"

"ठिबक."

नळ ठिबकला. टप.

"बरं," ठिपकी म्हणाली. "मग उन्हाला सांगते."

तुरु तुरु तुरु. ठिपकी खिडकीपाशी गेली. ऊन बाहेर उभं होतं. फटीतून डोकावत होतं.

ठिपकी म्हणाली,
"ऊनताई, ये ना.
ब्रश ओला, वाळेना.
फोन दाणा देईना.
ठिपकी घरी जाईना."

ऊन म्हणालं, "जमायचं नाही. मी सकाळपासून खिडकीबाहेर उभी. मधे पडदा आहे. पडदा सरकला, तर येईन."

"बरं. मग पडद्याला सांगते."

तुरु तुरु तुरु. ठिपकी पडद्यावर चढली. पडद्यावर हत्तींची चित्रं होती. ठिपकी हत्तींच्या डोक्यांवरून गेली. हत्ती काही बोलले नाहीत.

ठिपकी म्हणाली,
"पडदेकाका, सरका ना.
ऊन आत येईना.
ब्रश ओला, वाळेना.
फोन दाणा देईना.
ठिपकी घरी जाईना."

पडदा म्हणाला, "जमायचं नाही. माझ्या टोकावर बोका झोपलाय. बोका उठला, तर सरकेन."

"बरं. मग बोक्याला सांगते."

तुरु तुरु तुरु. ठिपकी खाली उतरली. बोका झोपला होता. घुर्र घुर्र. ठिपकी त्याच्या कानात गेली. तिथून नीट ऐकू जातं.

ठिपकी म्हणाली,
"बोकोबा, उठा ना.
पडदा जरा सरकेना.
ऊन आत येईना.
ब्रश ओला, वाळेना.
फोन दाणा देईना.
ठिपकी घरी जाईना."

बोक्याने एक डोळा उघडला. "जमायचं नाही. दुधाचा वास आला, तर उठेन. हवं तर फोन इकडे आण. पडल्या पडल्या चाटून देतो."

"नको. फोनच्या तोंडात तुमची लाळ जाईल."

"माझी लाळ चांगली आहे."

"असेल. ओली आहे."

बोक्याने डोळा मिटला. घुर्र घुर्र.

"बरं," ठिपकी म्हणाली. "मग दुधाला सांगते."

तुरु तुरु तुरु. ठिपकी फ्रिजपाशी आली. फ्रिजचं दार बंद. ठिपकीने दार ठोठावलं. टिक टिक टिक. आतून दूध म्हणालं, "कोण आहे?"

ठिपकी म्हणाली,
"दूधबुवा, निघा ना.
बोका काही उठेना.
पडदा जरा सरकेना.
ऊन आत येईना.
ब्रश ओला, वाळेना.
फोन दाणा देईना.
ठिपकी घरी जाईना."

दूध म्हणालं, "जमायचं नाही. मला पाय नाहीत. नलूआत्या उठली, तर निघेन. आणि दाराला रेलू नकोस, गारठशील."

"बरं. मग आत्याला सांगते."

तुरु तुरु तुरु. नलूआत्या पाटावर बसली होती. पुढे परात. परातीत पीठ. आत्या फोनकडे बघत होती. फोन आत्याकडे बघत होता.

ठिपकी म्हणाली,
"नलूआत्या, उठा ना.
दूध बाहेर निघेना.
बोका काही उठेना.
पडदा जरा सरकेना.
ऊन आत येईना.
ब्रश ओला, वाळेना.
फोन दाणा देईना.
ठिपकी घरी जाईना."

आत्या म्हणाली, "जमायचं नाही गं बाई. ती फोनमधली 'आता त्यात घाला' म्हणाली आणि गप्प झाली. काय घाला? मीठ घाला? तीळ घाला? टोपी घाला? फोनचा आवाज आला, तर उठेन."

आत्याच्या हातात बांगडी होती. बांगडीत सेफ्टी पिन लटकत होती. पिन म्हणाली, "मी जाऊ? मी खुपसते."

"नको," ठिपकी म्हणाली. "तू टोकदार आहेस. दाणा आत ढकलशील. फोनच्या तोंडातली जाळी फाडशील."

"मग मी काय करू?"

"लटक."

पिन लटकली.

"बरं," ठिपकी म्हणाली. "मग फोनला सांगते."

तुरु तुरु तुरु. ठिपकी पेल्याच्या काठावर चढली.

ठिपकी म्हणाली,
"फोनभाऊ, बोला ना.
आत्या जागची हलेना.
दूध बाहेर निघेना.
बोका काही उठेना.
पडदा जरा सरकेना.
ऊन आत येईना.
ब्रश ओला, वाळेना.
फोन दाणा देईना.
ठिपकी घरी जाईना."

फोन म्हणाला, "म्फ. फोन म्हणजे मीच ना?"

"तुम्हीच."

"म्हणजे मी मोठ्याने बोललो, की दाणा निघणार."

"हो."

"आणि दाणा निघाला, की मी मोठ्याने बोलणार."

"हो."

"जमायचं नाही."

झालं. सगळं घर अडून बसलं. आत्या पाटावर. दूध फ्रिजात. बोका पडद्यावर. ऊन बाहेर. नळ तेवढा ठिबकत होता. टप.

ठिपकीने फोनला एक चक्कर मारली. वरून बघितलं. खालून बघितलं.

"फोनभाऊ, तोंड बंद आहे. अंग मोकळं आहे ना?"

"आहे."

"थरथरता येतं?"

"येतं की. चांगलं येतं."

"मग थरथरला का नाहीत?"

"कुणी सांगितलंच नाही."

"मी सांगते. थरथरा."

फोन थरथरला. घर्रर्र. स्टीलचा पेला वाजला. ठण्ण्ण्. ठण्ण्ण्. ठणठण ठणठण ठण्ण्ण्.

पेला वाजला, आत्या उठली. "कुणाचा फोन?" फोन कुणाचाच नव्हता. आत्या म्हणाली, "आता उठलेच आहे, तर चहा टाकते." हात धुतले. फ्रिज उघडला.

आत्या उठली, दूध निघालं. डुबुक डुबुक.

दूध निघालं, बोका उठला. म्याऽऽव.

बोका उठला, पडदा सरकला. सर्रर्र. सगळे हत्ती एका कोपऱ्यात गोळा झाले.

पडदा सरकला, ऊन आलं. थेट बेसिनवर पडलं.

ऊन आलं, ब्रश वाळला. केस न् केस वाळला. मऊ झाला. थोडा फुगलाही.

ब्रश म्हणाला, "झालो तयार. आता मला नेणार कोण?"

हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

इकडे आत्याने फोन पेल्यातून काढला. उलटा केला. तोंड बघितलं. "अगं बाई. पीठ, धूळ, आणि हे काय पांढरं?"

"माझा दाणा," ठिपकी म्हणाली.

पण आत्याने बांगडीतली पिन काढली. पिन म्हणाली, "आता माझीच पाळी." पिन निघाली स्पीकरकडे. जवळ. आणखी जवळ. दाण्याच्या अगदी जवळ.

तुरु तुरु तुरु. ठिपकी पळत फोनच्या तोंडावर गेली. दाण्यापुढे उभी राहिली. सहाही पाय रोवून.

"पिन नको. पिन टोचते. मऊ ब्रश झाडतो."

आत्या म्हणाली, "एवढ्या मुंग्या कुठून आल्या?"

"मी एकटीच आहे," ठिपकी म्हणाली. "पिन ठेवा."

"तू मला शिकवणार? मी तुझ्या एवढी होते..."

"माझ्या एवढी तुम्ही कधीच नव्हतात."

आत्याने विचार केला. ते खरं होतं. आत्याने पिन बांगडीत अडकवली. पिन परत लटकली.

"बरं, सांग. काय करू?"

"बेसिनवर ब्रश आहे. कोरडा आहे. तो आणा."

आत्याने ब्रश आणला.

"फोन बंद करा."

आत्याने फोन बंद केला. फोन झोपला.

"तोंड खाली धरा. म्हणजे कचरा खाली पडेल, आत जाणार नाही."

आत्याने तोंड खाली धरलं.

"आता झाडा. हळू. बाळाचे केस विंचरतात ना, तसं."

खस् खस् खस्. पीठ पडलं.

खस् खस् खस्. धूळ पडली.

खस् खस् खस्. कापसाचा एक धागा पडला. तो कुणाचा, हे अजून कळलेलं नाही.

खस्... टिंग.

दाणा पडला.

ठिपकीने दाणा उचलला. झटकला. तोंडात धरला. माझा तो माझा.

आत्याने फोन चालू केला. फोनमधली बाई एवढ्या मोठ्याने ओरडली की बोका दुधात पडता पडता राहिला. ती म्हणाली, "आता त्यात घाला तीळ. नसले तर नका घालू."

आत्या फोनकडे बघत राहिली. "एवढ्यासाठी मी बसून राहिले होते," आत्या म्हणाली. आणि तीळ घातले. कारण होते.

ठिपकी निघाली घरी. वळली. आणि थांबली.

मागे मुंग्या होत्या. एक नाही. दोन नाही. मोठी रांग. रांग ओट्यावरून खाली गेली होती. फ्रिजला वळसा घालून बोक्यापाशी. तिथून पडद्यावर. हत्तींच्या डोक्यांवरून खिडकीत. खिडकीतून बेसिनवर. प्रत्येकीच्या तोंडात दाणा.

ठिपकीच्या मागेच बुटकी होती. बुटकी म्हणजे ठिपकीची शेजारीण.

"तुम्ही इथे कशा?" ठिपकीने विचारलं.

"तू पुढे, आम्ही मागे," बुटकी म्हणाली. "रांग आहे ना."

"ब्रशकडे आलात?"

"आलो."

"बोक्याच्या कानात?"

"आलो. केस फार आहेत."

"फ्रिजपाशी?"

"आलो. गार होतं."

"मग घरी का नाही गेलात?"

"तू गेल्याशिवाय कशा जाणार? पुढचीला सोडून मागची जात नाही."

"मग मला सांगायचं तरी."

"कशा सांगणार? तोंडात दाणा आहे."

"मग आता कशी बोलतेस?"

बुटकी दाणा सावरून रांगेत सरळ उभी राहिली.

ठिपकीने दाणा नीट धरला. मान वर केली. आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली. तुरु तुरु तुरु. भिंतीच्या कडेने. फरशीच्या फटीतून. थेट घराच्या दारात. दारातल्या मुंगीने तिच्या तोंडाकडे बघितलं. दाणा होता. दारातली मुंगी बाजूला झाली.

ठिपकी घरी गेली.
तिच्यामागे बुटकी गेली.
बुटकीच्या मागची गेली.
तिच्या मागची गेली.
तिच्या मागची गेली.
शेवटची अजून चालतेय. ती आत गेली की गोष्ट मिटली.

गेली का?

थांब. बोक्याला वळसा घालतेय.

हां. गेली.