वेलीची उतरण

फेब्रुवारीची नववी तारीख. पहाटे धुके होते. आठनंतर ऊन पडले, वारा नव्हता. एका वृद्ध मास्तरांच्या पानमळ्यात त्या सकाळी त्यांची जुनी विद्यार्थिनी आली. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देण्याचे मास्तरांचे काम आता ती, हिल्डा, करीत होती. तिच्या हातात एक कागद होता. त्यावर एक्केचाळीस सह्या होत्या.

"मास्तर, बेचाळिसावी सही तुमची हवी. रविवारी मिस्सा झाली की फादरांना देणार. आगुस्तीनकाकांना मंडळातून काढा, नाहीतर आम्ही सगळे चर्चची कामं सोडतो."

आगुस्तीनकाका धर्मग्रामाचा, म्हणजे त्या चर्चच्या परिसराचा, कारभार पाहणाऱ्या पाळकीय मंडळाचे उपाध्यक्ष होते. अध्यक्षपद फादरांकडे असते. पण फादर दर काही वर्षांनी बदलतात, आगुस्तीनकाका अकरा वर्षांत बदलले नव्हते. मिस्सेच्या उपासनेत बायबलचे वाचन कोणी करायचे इथपासून मिरवणूक कोणत्या वाडीतून न्यायची इथपर्यंत सारे त्यांच्या शब्दावर चाले. जानेवारीत चर्चच्या सणाला त्यांनी ऐनवेळी मुलांची नाटिका रद्द केली आणि ती वेळ सत्कारांना दिली. दोन महिने तालीम केलेली मुले देवदूतांचे पंख लावून पडद्यामागे बसून राहिली.

"सत्कार कोणाकोणाचा झाला?" मास्तरांनी विचारले.

"सात जणांचा. सातवा त्यांचा स्वतःचा."

मास्तर खो खो हसले. पण त्यांनी कागद घेतला नाही. ते मळ्यातल्या सर्वांत उंच वेलीकडे वळले आणि केळीच्या सोपटाने, म्हणजे वाळक्या सालीने, बांधलेल्या तिच्या गाठी एकेक करून सोडू लागले. पाहता पाहता सारी वेल खाली आली.

"अहो, हे काय करता? एवढी चांगली वेल!"

"बोलू नकोस, शेंडा धर. मोडू देऊ नको."

मास्तरांनी वेलीचे वेटोळे करून ते बुंध्याशी खणलेल्या चरात ठेवले, वर माती आणि शेणखत घातले. हातभर शेंडा तेवढा बाहेर राहिला. तो त्यांनी पुन्हा आधाराला बांधला.

"वेल फार वर गेली की पान बारीक होतं गो," ते म्हणाले. "दोष वेलीचा नसतो, मूळ लांब राहतं. वर ठेवली तर पान नाही, कापली तर वेल नाही. म्हणून तिला उतरवायची. आता पेरापेराला नवं मूळ फुटेल. पण माती आपण द्यायची. नुसती खाली ओढली तर सुकते."

"म्हणजे त्यांनी केलं ते पोटात घालायचं?"

"असं कधी म्हटलं मी? मुलांची माफी त्याने मागायलाच हवी. पण तुझ्या कागदावर 'काढा' एवढंच आहे. लावा कुठे, ते नाही." मग त्यांनी विचारले, "आगुस्तीनच्या आधी त्या जागेवर कोण होतं, ठाऊक आहे?"

हिल्डा तेव्हा कुवेतमध्ये नर्स होती. तिला ठाऊक नव्हते.

"मी. मीही कोणाचं ऐकत नसे. असाच कागद फिरला, त्रेसष्ट सह्यांचा. भर सभेत वाचला. दोन वर्षं मी सायकल मारत शेजारच्या गावी मिस्सेला जात होतो."

"कागद कोणी आणला होता?"

"आगुस्तीननेच. अक्षर सुरेख त्याचं. मी सही करतो, हिल्डा. पण अकरा वर्षांनी तुझ्या नावाचा कागद कोण फिरवील?"

हिल्डाने कागदाची घडी घातली. मग मास्तरांनी विचारले, "आगुस्तीनला येतं काय, ते सांग."

"कोणत्या घरी कोण अंथरुणावर आहे, हे त्यांना तोंडपाठ," ती नाइलाजाने म्हणाली. "फादरही त्यांनाच विचारतात."

"मग तो जातो का त्यांच्याकडे?"

"कधी जाणार? सभा असतात ना त्यांना!"

या वेळी दोघेही हसले. निघताना मास्तर म्हणाले, "उतरणीनंतर दोन महिने पान खुडायचं नाही. घाई नडते."

रविवारी हिल्डा फादरांकडे न जाता आगुस्तीनकाकांच्या घरी गेली आणि मुलांचे काय झाले ते तिने तोंडावर सांगितले. "मला शिकवू नकोस," असे म्हणून त्यांनी तिला परत पाठवले. दुसऱ्या वेळी त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला नाही. तिसऱ्या वेळी त्यांच्या पत्नीने चहा दिला, आणि हिल्डा काकांना घेऊन पाच वर्षे खाटेवर असलेल्या एका विधवेकडे गेली. ती बाई आगुस्तीनकाकांचा हात धरून अर्धा तास बोलत राहिली. परतताना त्यांनी विचारले, "पुढच्या रविवारी कोणाकडे जायचं?"

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आगुस्तीनकाकांनी वर्गात येऊन मुलांची माफी मागितली. मंडळाच्या चौदा जूनच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. हिल्डा उभी राहिली आणि तीन मतांनी हरली. तिच्याविरुद्ध उभे राहिलेले इग्नेशियस कोरिया उपाध्यक्ष झाले. आगुस्तीनकाका दर रविवारी सतरा आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेतात. सह्या केलेल्या एक्केचाळीस जणांपैकी कोणीही काम सोडले नाही.