सिस्टरांची हलकी गाडी

कोल्हापूरच्या नर्स रेवती इंगवले सकाळपासून बाजारात जुन्या मोटारसायकली बघून पार दमल्या होत्या. शहरातल्या मोटारसायकल क्लबच्या शर्यतीत पहिल्यांदाच उतरायचं होतं, म्हणून त्यांना आवाक्यातली हलकी गाडी हवी होती. ती अखेर मिळाली, तेवढ्यात क्लबचे अध्यक्ष सर्जेराव आपली दांडगी गाडी गुरगुरवत आले.

"सिस्टर, हे खेळणं आमच्या शर्यतीत शोभणार नाही. ही माझी घ्या. वाघ आहे वाघ! का बसायची हिंमत नाही?"

भोवती जमलेले क्लबचे सगळे हसले. रेवतीबाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, वाघावर देवी बसते. मला सोमवारी ड्यूटीवर जायचंय."

हसू आणखी वाढलं, पण आता माणसं अध्यक्षांकडे बघत होती. सर्जेरावांनी गाडी बंद केली आणि रेवतीबाईंचं नाव हलक्या गाडीसह शर्यतीत घेतलं.