शिरपानं एसएसडी पारखली

एका गावात एक भोळा होता, अशी गोष्ट सुरू करायची रीत आहे. पण आमच्या करंजवाडीत भोळे पैशाला पासरी. त्यातला अस्सल म्हणजे शिरपा. त्याला एकदा सांगितलेलं तो जन्मात विसरायचा नाही. सगळा घोळ झाला तो त्यामुळंच.

शिरपाचा थोरला भाऊ रंगाअण्णा. त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नाच्या फिल्मी बनवायचा. कॉम्प्युटर इतका म्हातारा, की बटण दाबून अण्णा म्हशीला वैरण घालून यायचा, तरी तो सुरू झालेला नसायचा. त्यातच हणमंत फौजीच्या लग्नाची फिल्म अडकली. फौजीची रजा सोमवारी संपत होती. नवी नवरी गावातच राहणार होती. फौजी एवढंच म्हणाला होता, "अण्णा, वर्षभर तिकडं बर्फात तिचं तोंड दिसणार ते त्या फिल्ममध्येच. तेवढी सोमवारच्या आत द्या."

अण्णानं शब्द दिला. शब्द दिला खरा, पण कॉम्प्युटर कुठं ऐकतोय? कुणीतरी सुचवलं, त्यात एसएसडी बसव. पत्त्याच्या डावाएवढी चपटी डबी, सगळं तिच्यात साठतं आणि कॉम्प्युटर पळायला लागतो. अण्णानं शिरपाला तालुक्याला धाडलं. स्वस्तातली आण, पण पारखून आण म्हणाला.

पारखणं म्हणजे शिरपाला एकच ठाऊक. नारळ कानाशी धरून हलवायचा, पाणी वाजलं की घ्यायचा. दुकानदारानं चार स्वस्तातल्या एसएसडी पुढं मांडल्या. ही जरा जास्त पळते, हिची हमी मोठी, ही नुसतीच स्वस्त, असं सांगून बिचाऱ्याचा घसा बसला. शिरपानं चारही कानाशी धरून हलवल्या. एकही वाजेना. सगळ्या सुक्या निघाल्या म्हणाला. मग कोपऱ्यातल्या भंगारात त्याला एक मोडकी हार्ड डिस्क दिसली. ती कशी छान खुळखुळली. शिरपा तीच घेऊन घरी आला.

अण्णानं कपाळाला हात लावला. मग समजावलं, की बाबा रे, एसएसडीत हलणारं काही नसतंच. जी वाजत नाही तीच चांगली. आणि पाच वर्षांची हमी असेल तरच घ्यायची.

"चुकलो अण्णा. पुढच्या खेपेला ध्यानात ठेवीन," शिरपा म्हणाला.

आणि ठेवलं की. दुसऱ्या दिवशी वहिनीनं मारुतीला फोडायला नारळ आणायला सांगितला. शिरपानं दुकानातले सगळे नारळ हलवले आणि न वाजणारा तेवढा निवडला. वर पाच वर्षांची हमी मागितली. दुकानदार म्हणाला, पाच वर्षं माझीच हमी नाही, नारळाची कुठून देऊ? नारळ फोडला तर आत नुसता कुजका वास. मारुतीसमोर वहिनीची मान खाली गेली.

शेवटी अण्णा स्वतः जाऊन हमीवाल्यांतली सगळ्यात स्वस्त एसएसडी घेऊन आला. पहिल्यांदा ती सुटलेल्या वासरासारखी पळाली. अण्णा खूश. पण फिल्म चढत गेली, डबी काठोकाठ भरत आली, तशी ती धापा टाकायला लागली. अण्णानं जुना पसारा काढून टाकला, तेव्हा कुठं परत हलली. स्वस्त मालाचं असंच असतं, तो शिरपाला म्हणाला. गच्च भरायचा नाही, पाव भाग मोकळा ठेवायचा, म्हणजे पळतो.

शिरपानं मान डोलावली. संध्याकाळी अण्णानं त्याला मोटरसायकलच्या चाकांत हवा भरून आणायला सांगितली. त्यानं पाव भाग मोकळा ठेवून आणली. अण्णा बसला तशी गाडी जमिनीलाच टेकली.

"चुकलो अण्णा. पुढच्या खेपेला ध्यानात ठेवीन."

रविवारी फिल्म पुरी झाली. सोमवारी दुसरं लग्न होतं, म्हणून अण्णानं कॅमेऱ्यातलं सगळं पुसलं. आता फौजीचं लग्न होतं ते फक्त त्या डबीत. त्याच दुपारी पाहुणे आले. वहिनीनं शिरपाला कलिंगड आणायला धाडलं. त्यानं गोल गरगरीत, बिलकुल न वाजणारं आणलं. पाहुण्यांसमोर कापलं तर आत पांढरंफटक. वहिनी लाजेनं अर्धी झाली. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "भाऊजी, वरच्या रूपावर जाऊ नये. आधी कापून आत लाल आहे का बघावं, मगच दुसऱ्याच्या हातात द्यावं."

शिरपानं हेही ध्यानात ठेवलं.

सोमवारी सकाळी अण्णाला लग्नाला पळायचं होतं. त्यानं एसएसडी शिरपाच्या हातात दिली, फौजीला नेऊन दे म्हणाला, तो लॅपटॉपवर उतरवून घेईल. जपून ने, असंही दोनदा बजावलं.

फौजीच्या दारात जीप उभी होती. नवरी डोळ्याला पदर लावून उंबऱ्यात उभी. सगळं घर फिल्मची वाट बघत होतं. जीपवाला घाई करायला लागला, तेव्हा कुठं शिरपा घामाघूम होऊन आला. वाटेत लोहाराकडं थांबलो होतो म्हणाला, आणि फौजीच्या दोन्ही हातांवर एकेक तुकडा ठेवला.

फौजीनं एकदा या हाताकडं, एकदा त्या हाताकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "शिरपा, हे काय केलंस?"

"कापून बघितली," शिरपा म्हणाला. "आधी कोपऱ्याला चीर दिली, तिथं मोकळीच होती. म्हटलं बरंय, अण्णानं पाव भाग ठेवलाय. मग मधोमध कापली, तर आत हिरवीगार. कच्ची आहे हो फौजी. पण तुम्ही घेऊन जावा बिनघोर. पाच वर्षांची हमी आहे, तोवर पिकेल."