रंगनाथनं सात सीटची गाडी घेतली

खैरवाडी नावाच्या गावात रंगनाथ खुटवड म्हणून एक भोळा गृहस्थ राहायचा. भोळा हे आपलं भिडेखातर. गावात त्याला वेगळा शब्द होता.

लेकीचा साखरपुडा ठरला, तशी घरात मोठी गाडी घ्यायची ठरली. सात सीटची, डिझेलची आणि ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिकचा हट्ट बायकोचा, यमुनेचा. क्लच दाबायचं काम रंगनाथच्या डाव्या पायावर सोपवायला ती तयार नव्हती.

“अहो, शोरूमला जाऊन या,” ती म्हणाली. “सगळ्यात मागच्या सीटवर पाय मावतात का, तेवढं बघा.”

रंगनाथ गेला. चपला काढून मागच्या सीटवर पाय ठेवले आणि घरी आला.

“मावतात. दोन्ही.”

“नुसते पाय कुठं बसतात का? अख्खी माणसं बसवून बघायची.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी तिनं डिकी बघायला पाठवलं. रंगनाथनं एसटी स्टँडवरून तीन माणसं नेली, डिकीत बसवली आणि वरून दार लावलं. सेल्समननं त्यांना ओढून बाहेर काढलं. एकाचा फेटा आतच राहिला.

“डिकीत सामान ठेवतात,” यमुना म्हणाली. “घरचं सामान न्यायचं, कोंबून बघायचं.”

“बरं.”

तिसऱ्या दिवशी इंजिनाचा आवाज किती येतो ते बघायचं होतं. रंगनाथनं घरच्या दोन गोधड्या नेल्या. सेल्समन चहाला गेल्यावर बॉनेट उघडून त्या आत कोंबल्या आणि गाडी चालू केली.

“आवाज अजिबात नाही,” तो घरी येऊन म्हणाला. “धूर तेवढा आहे.”

यमुना म्हणाली, “यापुढं स्वतःचं डोकं चालवू नका. शोरूमवाला सांगेल तसंच वागा.”

“बरं.”

तीच गाडी घ्यावी लागली. किल्ली देताना सेल्समन म्हणाला, “काका, सातच माणसं. आठवं बसवायचं नाही.”

साखरपुड्याच्या दिवशी यमुना तयारीसाठी सकाळच्या एसटीनं कार्यालयात गेली. जाताना बजावून गेली, “मोठी माणसं आधी बसवा.”

रंगनाथनं आई, वडील, चुलते, चुलती, आत्या आणि मामा यांना बसवलं. स्वतः स्टिअरिंगवर बसला. लेक सुलभा नवी साडी नेसून दारात उभी होती.

“अण्णा, मी?”

“तू आठवी.”

सुलभानं गाडीतल्या सगळ्यांकडं बघितलं. एसी चालू होता. कुणी जागचं हललं नाही.

“ये हो मागनं,” आत्या म्हणाली आणि काच वर केली.

कार्यालयात नवऱ्या मुलाकडची माणसं ओटीचं ताट घेऊन थांबली होती. यमुनेनं गाडीत वाकून बघितलं.

“सुलू कुठंय?”

“घरी,” रंगनाथ म्हणाला. “रडायला लागली होती. मी समजूत घातली. म्हटलं, पुढच्या साखरपुड्याला तुला पहिली बसवतो.”